तीन बोटांचा हातमोजा

८ फेब्रुवारी

बाईसाहेब,

माझा फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतंय. लेक म्हणाली, "बाबा, लिहून पाठवा. आई वाचेल." म्हणजे तीही आता तुझ्या बाजूची. असू दे. लिहितो.

लिहिण्यासारखं खास काही नाही. नळाला पाणी येतं, दूध येतं, वरच्या मजल्यावरचा माणूस अजून रोज सकाळी काहीतरी जड सरकवतो. रोज काय सरकवतो, देव जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "कुठे काय?" चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तुझ्या मैत्रिणीला मी फोन केला, हे मी नाकारत नाही. दर रविवारी सकाळी तिच्याकडे जाते म्हणून तू बाहेर पडत होतीस. ती म्हणाली, तू कित्येक महिन्यांत तिच्याकडे फिरकली नाहीस. मग मी तुला विचारलं. शांतपणे विचारलं, टेबलाशी बसवून विचारलं. तुला ते आवडलं नाही, पण माझं सगळं आयुष्य विमा कंपनीचे दावे तपासण्यात गेलं. पाय मोडला म्हणणाऱ्या माणसाच्या बुटांचे तळ मी उलटे करून बघितलेत. निवृत्त झालो म्हणून नाक काही कंपनीत जमा करून आलो नाही. तू एका वाक्यात उत्तर दिलं असतंस तर तिथेच मिटलं असतं. तू उत्तर दिलं नाहीस, बॅग भरलीस, लेकीकडे निघालीस. दारात म्हणालीस, "तुमच्याबरोबर राहायचं म्हणजे रोज साक्ष द्यायची." ते मला लागलं. लागलं ते लागलं, लपवत नाही.

तुझ्या कपाटाला मी हात लावलेला नाही. घर खायला उठतं, एवढं खरं. परत येणार आहेस की नाही, ते कळव म्हणजे झालं.

तुझा,
चौकशी खातं (तूच ठेवलेलं नाव)

ता. क. कपाट उघडलं होतं. पांघरूण शोधत होतो. शालींच्या मागे एक चामडी हातमोजा सापडला. त्याला तीनच बोटं आहेत, करंगळी आणि अंगठा उघडे राहतात. मनगटाला पट्टी आणि बटण. एका बोटात पिसाचा एक तिरका कापलेला तुकडा अडकला होता. हे कोणाचं आहे?


१५ फेब्रुवारी

बाईसाहेब,

उत्तर नाही. ठीक.

मी तो हातमोजा घेऊन खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. मालकाने बघताक्षणी सांगितलं, "तिरंदाजीचा आहे. दोरी ओढताना बोटं सोलू नयेत म्हणून." गावात धनुष्यबाण शिकवणारी एकच जागा आहे म्हणाला: बंद पडलेल्या कापड कारखान्याच्या मागचं मैदान, दर रविवारी सकाळी.

रविवारी सकाळी. मनात पाल चुकचुकली म्हणतात ना, इथे तर पालींचं संमेलन भरलं.

आज गेलो होतो. मैदान म्हणजे उंच भिंत, भिंतीपुढे दाबून बांधलेल्या गवताचे गोल निशाण, अलीकडे चुन्याची पांढरी रेघ आणि बाजूला पत्र्याची खोली. शिकवणारा माणूस एरवी घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून सगळे त्याला घड्याळजीच म्हणतात. बारीक, टक्कल पडलेला, बाण हरवला की घरातलं माणूस हरवल्यासारखा गवतात शोधत बसणारा. एक डॉक्टरीणबाई आहेत, दातांच्या. त्या सोडून चार-पाच जण. सगळ्यांची धनुष्यं लाकडाची, टोकं पुढे वळलेली. त्यांना रिकर्व्ह म्हणतात. वर निशाण जुळवायची काच नाही, नळी नाही, काही नाही. नुसतं बघायचं आणि सोडायचं. आपल्याला असली भानगड पटत नाही, मोजमापाशिवाय कशाचा काय भरवसा!

मी खरं सांगितलं नाही. ग्रंथालयातून निवृत्त झालो, एकटाच असतो, लग्न केलं नाही, असं सांगितलं. दाव्याच्या जागी आपण कोण ते आधी सांगायचं नसतं. घड्याळजीने माझ्या बोटांकडे बघितलं (अंगठीचा पांढरा वळ राहतो, ते मी विसरलो) आणि म्हणाला, "बरं. पुढच्या रविवारपासून या. ढिले कपडे घालू नका."

कोणी काही विचारलं नाही. एवढी माणसं, आणि नवा माणूस आला तर कोणाला काही विचारावंसं वाटत नाही? अळीमिळी गुपचिळी. कुठेतरी पाणी मुरतंय.

तुला हे सगळं का कळवतोय, ते माझं मलाच कळत नाही. बहुतेक तू वाचताना तुझा चेहरा कसा होतो ते लेकीने मला सांगावं म्हणून.

तुझा,
तोच


८ मार्च

बाईसाहेब,

लेकीला फोन केला. म्हणाली, "आई पत्र वाचते आणि घडी करून ठेवते." चेहरा कसा होतो विचारलं तर म्हणाली, "बाबा, मी नाही हेरगिरी करणार." ही तुझी शिकवण.

इतके रविवार झाले, अजून घड्याळजी मला धड निशाणावर मारू देत नाही. आधी रबराची पट्टी ओढायला लावली. मग हातात धनुष्य दिलं, आणि पहिलाच धडा असा की बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. कधीच नाही. बाणात जायचा तो सगळा जोर मग लाकडातच फुटतो आणि धनुष्य चिरतं. "एवढ्याने मरतं ते," म्हणाला. आता चार पावलांवरून गवतात बाण मारायचे, तेही डोळे मिटून. कारण डोळे उघडे असले की मी निशाण सोडून इतरत्र बघतो, असं त्याचं म्हणणं. "तुमची नजर फार फिरते, ग्रंथपालसाहेब." ग्रंथपालसाहेब म्हणताना तो गालात हसतो, हे मी टिपून ठेवलंय.

आता मुद्द्याचं. डोळे मिटायच्या आधी मी जे बघायचं ते बघून घेतलं.

एक. हातमोजा घालतात तो दोरी ओढणाऱ्या हातात. मैदानावरचे सगळे उजव्या हाताने ओढतात. आपल्या कपाटातला हातमोजा मी घरी परत घालून बघितला, त्याचं बटण मनगटाच्या मागे नीट बसतं ते डाव्या हातात घातल्यावरच. म्हणजे तो डावखुऱ्या माणसाचा आहे. माझ्या बोटांना घट्ट होतो. बारीक हाताचा माणूस. तरुण असणार.

दोन. मागे तुझ्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, निळा-जांभळा वळ आला होता. "दाराला आपटलं," म्हणालीस. मागच्या रविवारी मलाही तसाच वळ आला. दोरी सुटताना फटका बसतो, नवशिक्यांना सगळ्यांनाच बसतो. क्षणभर मला बरं वाटलं. वाटलं, म्हणजे ही स्वतःच शिकत होती, बाकी काही नाही. पण मग आठवलं. फटका बसतो तो धनुष्य धरणाऱ्या हाताला, डाव्या. तुझा वळ उजव्या हातावर होता. मला नक्की आठवतं, कारण त्याच हाताने तू मला चहा दिला होतास.

म्हणजे तू धनुष्य धरत नव्हतीस. तू तिथे शिकायला जात नव्हतीस. डावखुऱ्या कोणाला तरी बघायला जात होतीस, त्याचा हातमोजा जपून ठेवत होतीस, आणि तुझ्या उजव्या हाताला कोणी इतकं घट्ट धरलं की वळ उठला?

मी आजवर रागावलोय पुष्कळदा, पण अशी भीती नव्हती वाटली.

कोण आहे तो, एवढं सांग.


२९ मार्च

बाईसाहेब,

मैदानावर डावखुरा कोणी नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. उशिरा येणारे, लवकर जाणारे, सगळे बघितले. पण पत्र्याच्या खोलीत शेवटच्या खुंटीला कापडी पिशवीत घातलेलं एक धनुष्य टांगलेलं असतं, ते कोणी काढत नाही. घड्याळजी बाहेर बाण शोधत होता तेव्हा मी पिशवीची गाठ सोडून बघितलं. बाण टेकवायची खाच उलट्या बाजूला. डावखुऱ्याचं.

मी साळसूदपणे विचारलं, "हे कोणाचं हो?"

घड्याळजी म्हणाला, "ज्यांचं आहे त्यांचं."

"येत नाहीत का ते हल्ली?"

"येतील यायचं तेव्हा. तुम्ही ओठ मिटा. बोट ओठाच्या कोपऱ्याला लागलं पाहिजे, तुमचं तोंड सारखं उघडं असतं. रोज नव्या जागी बोट टेकवलंत तर बाणही रोज नव्या जागी जाईल."

ताकास तूर लागू देत नाही माणूस.

मग डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या बोलघेवड्या आहेत, माझे दातही एकदा फुकट बघून झाले. म्हटलं, "ते डावखुरं धनुष्य फार जपून ठेवलंय." त्या म्हणाल्या, "काका, तो हात तुम्ही बघायला हवा होता! दोरी सोडली असं वाटतच नाही, बोटं नुसती विरघळतात. आम्ही सगळे थांबून बघायचो." आणि एकदम जीभ चावून घड्याळजीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चला, माझे बाण गवतात पडलेत."

त्यांचा एकही बाण गवतात नव्हता. मी मोजून बघितलं.

सगळ्यांना माहीत आहे. सगळेच सामील आहेत. आणि त्या सगळ्यांना तो माणूस आवडतो, हे मला जास्त झोंबतं. दावा खोटा असला की निदान शेजारीपाजारी तरी त्या माणसाला शिव्या देतात.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. लिहितो. आज माझा एक बाण निशाणाच्या मधोमध लागला. टप्प असा आवाज आला. मी विचार करत नव्हतो कसलाच, तुझाही नाही, त्याचाही नाही. घड्याळजी म्हणाला, "आता कळलं का?" मी म्हटलं, "नाही." पण कळलं होतं. आणि लगेच वाटलं, घरी जाऊन हिला सांगावं. अर्धा जिना चढेपर्यंत तू घरात नाहीस हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

तू येणार आहेस का? हा वेगळा प्रश्न आहे, आधीच्या प्रश्नांत धरू नकोस.

तुझा


१९ एप्रिल

तुला मायना लिहीत नाही.

आज घड्याळजीला बरं नव्हतं, तो बाहेर खुर्चीवर बसून होता. मी पत्र्याच्या खोलीत जाऊन ते धनुष्य पिशवीतून पूर्ण बाहेर काढलं. मागच्या वेळी खाच तेवढी बघितली होती. आज मूठ बघितली. मुठीला कापडाची पट्टी गुंडाळलीय, घाम शोषायला. हिरवं कापड, त्यावर पिवळी लिंबं.

आपल्या स्वयंपाकघराचा पडदा.

खालून वीतभर कापलास तो पडदा. मी विचारलं होतं तेव्हा म्हणालीस, ओट्याला लागून काळा होत होता. मी मान डोलावली होती. मूर्खासारखी! ती पट्टी दुकानात शिवून घेतलेली नाही. बारीक, दाट, सारखे टाके, तुझे आहेत ते. ते टाके मी माझ्या शर्टांच्या कॉलरवर रोज बघतो.

आपल्या घरातलं कापड कापून तू दुसऱ्या माणसाच्या हाताला घाम येऊ नये म्हणून शिवून दिलंस. मी किती वेळ तिथे उभा होतो मला माहीत नाही. बाहेर सगळे हसत होते. कशाला तरी हसत होते.

आता ऐक. तू सांगणार नाहीस, हे लोक सांगणार नाहीत, मग मी एवढा खटाटोप कशाला करू? पुढच्या रविवारी मी लवकर जाईन. ते धनुष्य खुंटीवरून काढीन, दोरी चढवीन, बाण न लावता कानापर्यंत ओढीन आणि सोडीन. फुटेपर्यंत सोडत राहीन. कसं मारायचं ते मला त्यांनीच शिकवलंय. मग बघू, कोण रडत येतं ते. जो येईल तो आपोआप कळेल.

तुला त्याला सावध करायचं असेल तर कर. तेवढा वेळ मी दिलाय.


२३ एप्रिल

बाईसाहेब,

आज दुपारी लेकीचा फोन आला. आपणहून. मी आनंदाने उचलला तर म्हणाली, "बाबा, ते धनुष्य मोडू नका."

म्हटलं, "तुला काय माहीत?"

"आईने पत्र मला वाचायला दिलं. सगळीच दिली."

"मग तिला सांग, त्या माणसाला वाचवायला मुलीला मध्ये घालणं शोभत नाही. तिला बोलायचं असेल तर तिने बोलावं. कोण आहे तो डावखुरा, तेवढं नाव..."

"बाबा."

"काय?"

"आई डावखुरी आहे."

मी म्हटलं, "काहीतरीच काय? ती उजव्या हाताने लिहिते. जेवते उजव्या हाताने."

"शाळेत मारून मारून उजव्याने लिहायला लावलं तिला. तेवढंच ती उजव्याने करते. बाकी सगळं डाव्याने. माझी वेणी डाव्या हाताने घालायची, म्हणून ती नेहमी उलट्या बाजूला झुकायची. शाळेत सगळ्या मुली चिडवायच्या मला." मग तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

ती रागावून बोलली असती तर मी भांडलो असतो. ती घाबरून बोलत होती. मला काही झालंय का, अशा आवाजात.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. तुझी सुरी उजवीकडे नाही, डावीकडे टांगलेली असते. खिळा मीच ठोकलाय, तू दाखवलेल्या जागी. मोठी कात्री काढली. ती कात्री माझ्या हातात कधी धड कापत नाही म्हणून मी त्या दुकानदाराच्या नावाने आजवर किती बोटं मोडली. आज डाव्या हातात धरून कागद कापला. सरळ कापला.

आणि मी एका शिंप्याला उजव्या हाताच्या कात्रीवरूनच पकडलं होतं, उजवा हात निकामी झाला म्हणत होता तो. सगळ्या कचेरीत माझं कौतुक झालं होतं. त्या संध्याकाळी मी तुला ती सगळी हकीकत ऐकवली. तू ऐकत होतीस आणि भाजी चिरत होतीस. कोणत्या हाताने चिरत होतीस, ते तुला माहीत आहे.

म्हणजे हातमोजा तुझा. वळ धनुष्य धरणाऱ्या हातावरच होता, उजव्या. धनुष्य तुझं, पट्टी तुझी, तो हात, बोटं विरघळतात म्हणतात तो हात, तुझा. एकूणएक पुरावा बरोबर होता. मी तो फक्त दुसऱ्या कोणाला तरी लावत बसलो, कारण तू असशील असं मला एकदाही वाटलं नाही. त्याची मला लाज वाटते. आणि हेवाही वाटतो, खोटं कशाला बोलू. त्या मैदानावरच्या झाडून सगळ्यांनी तुला बाण मारताना बघितलंय आणि मी नाही.

घड्याळजीच्या दुकानात गेलो. डोळ्याला भिंग लावून बसला होता, भिंग न काढताच म्हणाला, "या, ग्रंथपालसाहेब."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दिवशी तुम्ही नमस्कार करायच्या आधी सगळ्यांच्या चपला बघितल्यात. ताईंनी अगदी तसंच वर्णन केलं होतं." मग म्हणाला, "मी त्यांना कळवलं. त्या म्हणाल्या, आले आहेत तर शिकवा. मनापासून शिकवा. पण विचारतील त्यातल्या कशाचंही उत्तर देऊ नका."

"का पण?"

"ते मला कसं माहीत असणार? मी विचारलं नाही."

धनुष्याला मी हात लावणार नाही. ते पत्र फाडून टाक, किंवा ठेव, तुझी मर्जी. तू परत येणार नाहीस अशी भीती आधीही होती, पण तेव्हा ती त्याच्यामुळे होती. आता तो नाहीच आहे. आता नुसता मी आहे.

तुझा


२६ एप्रिल

बाईसाहेब,

तू आज भेटलीस, तरी लिहितोय. रेघेवर बोलता येत नाही आणि रेघेवरून उतरल्यावर तू मला बोलू दिलं नाहीस.

जावं की नाही याचा सकाळी फार विचार केला. शेवटी गेलो, कारण रविवार होता आणि मला आता सवय झालीय. तू खोलीच्या दारात पायात धनुष्य अडकवून दोरी चढवत होतीस. कोणी मला सांगितलं नव्हतं तू येणार म्हणून. लेकीनेही नाही. बरोबरच केलं तिने. तू मान वर करून म्हणालीस, "फुटलेलं नाही ना, बघायला आले." घड्याळजी लगेच गवतात बाण शोधायला गेला, डॉक्टरीणबाईंना बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. सगळ्यांना एकदम कामं लागली.

मी रेघेवर माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. रेघेवर उभं राहिलं की मला पुढच्या माणसाची पाठ दिसते, आणि माझी पाठ मागच्याला. सगळे एका बाजूला तोंड करून आडवे उभे राहतात, मान तेवढी निशाणाकडे वळवतात. इतके रविवार मी डॉक्टरीणबाईंच्या पाठीकडेच बघत आलोय. आज त्या सरकल्या आणि त्या जागी तू आलीस. डावखुरं माणूस उलटं उभं राहतं. म्हणजे माझ्याकडे पाठ नव्हती, तू माझ्याकडे तोंड करून उभी होतीस. हातभर अंतरावर, समोरासमोर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारही केला नव्हता. घरात आपण असे कधी उभे होतो, मला आठवत नाही. घरात तू ओट्याशी असतेस आणि मी मागून विचारत असतो.

केस कापलेस. बारीक झालीस. उजव्या हातात धनुष्य, डाव्या हातात दुसरा हातमोजा, नवा घेतलास वाटतं. मी बघत राहिलो. घड्याळजीने शिट्टी दिली, सगळ्यांनी ओढलं, मी बघतच होतो.

"समोर बघा," तू म्हणालीस.

मी समोर बघितलं. दोरी ओढली, बोट ओठाच्या कोपऱ्याला लावलं. तुझी दोरी सुटल्याचा आवाज माझ्या छातीजवळून गेला. मान वळवावी असं इतकं वाटलं की मानेची शीर दुखली. तुला बाण मारताना बघायला मिळेल का या विचाराने मी गेले तीन दिवस जेवलोसुद्धा नाही नीट, आणि तू तिथे होतीस, आणि मला गवताच्या गोलाकडे बघायचं होतं. पिशवीतले सगळे बाण संपेपर्यंत मी तसाच समोर बघत राहिलो.

बाण काढायला भिंतीपर्यंत चालत जाताना तू बोललीस. मी शब्द न शब्द लक्षात ठेवलाय, चूक असेल तर दुरुस्त कर. म्हणालीस, "मी इथे येणार. दर रविवारी. घरी येईन असं म्हटलेलं नाही." मी म्हटलं, बरं. मग तू म्हणालीस, "सांगितलं असतं ना, तर पहिल्याच रविवारी तुम्ही मागे येऊन उभे राहिला असतात. माझा एकही बाण धड सुटला नसता. एक जागा हवी होती मला, जिथे कोणी बघत नाही." मी तोंड उघडलं तर म्हणालीस, "नको. काही बोलू नका आत्ता. शेजारी उभं राहायचं असेल तर राहा. पण समोर बघायचं."

आणि बस पकडायची म्हणून निघालीस. पोचलीस का, हे विचारणं चालतं ना? एवढं विचारतो.

तू गेल्यावर डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "काका, बघितलात ना हात? कसे लागले आज ताईंचे बाण?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी बघितलं नाही."

त्यांनी घड्याळजीकडे बघितलं, घड्याळजीने त्यांच्याकडे बघितलं, आणि दोघंही हसायला लागले. मी शपथेवर सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

तू ठेव.